आखेनला शिकायला येणाऱ्यांसाठी: पहिल्या पंधरवड्यात आधी काय करावे?

पर्णिका

नमस्कार. ऑक्टोबरच्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीत, विशेषतः आखेनला, येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांचे निरोप सध्या मला रोज येत आहेत. मी मूळची सांगलीची असून इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. निरोपांतले बहुतेक प्रश्न बॅगेचे असतात: कुकर आणावा का, गोडा मसाला किती लागेल, जाड जॅकेट पुण्यातून घ्यावे की इथे. त्यांची उत्तरे सोपी आहेत आणि त्यात थोडे कमीजास्त झाले तरी कोणाचे काही अडत नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. सुरुवातीच्या दिवसांत ज्यांची खरी ओढाताण झालेली मी पाहिली, त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाकडे राहायला जागा होती, परंतु त्या जागेवर स्वतःच्या नावाची नोंद करता येत नव्हती.

जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या नागरी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. नुसता भाडेकरार दाखवून ती होत नाही. ही व्यक्ती अमुक तारखेपासून या घरात राहत आहे, असे घरमालकाने किंवा वसतिगृहाच्या व्यवस्थापनाने सही करून दिलेले वेगळे पत्र लागते. नोंद झाली की अकरा अंकी करक्रमांक टपालाने घरी येतो, निवास परवान्याचा अर्ज त्याच पत्त्याच्या आधारे करता येतो आणि बऱ्याच बँका चालू खाते उघडण्यासाठीही नोंदीचा हाच कागद मागतात. चालू खाते नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडाव्या लागणाऱ्या आणि दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या खात्यात, भरलेले आपलेच पैसे आपल्या हाती येत नाहीत. त्यामुळे घरमालकाने ‘राहा, पण नोंद करू नका’ असे सांगितले, तर पुढचे सगळेच खोळंबते, आणि हे कळते तेव्हा विद्यार्थी त्या खोलीचे भाडे देऊन बसलेला असतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की खोली ठरवताना भाड्याच्याही आधी नोंदणीचे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सुट्टीसाठी किंवा इंटर्नशिपसाठी बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याची खोली काही महिन्यांपुरती मिळते, तिला इथे त्स्विशनमीटे म्हणतात. सुरुवातीला अशी खोली फार सोयीची असते, मात्र त्या विद्यार्थ्याने मूळ मालकाची परवानगी घेतलेली आहे ना, याची खात्री करून घ्यावी. नोंदणीची वेळ ऑनलाइन मिळते. सत्राच्या तोंडावर लवकरच्या तारखा भराभर संपतात, त्यामुळे खोली पक्की होताच भारतातूनच तारीख शोधायला लागावे.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो आणि तो चर्चच्या करासाठी असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य म्हणून नोंद झालेल्यांकडून, पुढे नोकरी लागून आयकर सुरू झाला की, त्या आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतकी रक्कम वेगळी घेतली जाते. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मुलांनी हे माहीत असूनच तो रकाना भरावा.

आता टपालपेटीविषयी, कारण याकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते. इथल्या पत्त्यात आपल्यासारखा फ्लॅट क्रमांक सहसा नसतो. टपाल देणारी व्यक्ती पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकते आणि नाव सापडले नाही तर पत्र परत पाठवते. बँकेचे कार्ड एका पाकिटातून येते, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटातून. विम्याचे कार्ड आणि करक्रमांकही टपालानेच. किल्ली हाती पडताच पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आपले आडनाव लावावे, मग बॅग उघडावी. सामायिक घरात, म्हणजे वेगेमध्ये, राहणार असाल तर आधीच्या भाडेकरूंच्या नावांशेजारी आपले नाव लावायला संकोच करू नये.

इतरांनी आपापल्या शहरांतले अनुभव जोडावेत. येणाऱ्यांनीही मोकळेपणाने विचारावे.

कोयनाकाठ

पर्णिकाताई, नमस्कार. आम्ही कराडचे. आमची मुलगी याच सत्रासाठी आखेनला येत असून तिचे २ ऑक्टोबरचे विमान आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरले आहेत आणि त्यातून तिला दरमहा ९९२ युरो मिळतील असे समजते. शैक्षणिक कर्ज काढलेले असल्यामुळे आम्ही प्रत्येक खर्चाचा विचार करतो. पहिल्या महिन्यासाठी याव्यतिरिक्त तिच्याजवळ किती रक्कम असावी? दुसरा प्रश्न तिच्या आईचा आहे. मुलगी घरापासून एवढी लांब प्रथमच राहणार आहे. आम्ही रोज फोन केला तर तिला तिथे रुळायला अडथळा होईल का?

पर्णिका

काका, नमस्कार. ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता चालू खाते उघडल्यानंतरच येतो आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. मोठे खर्च नेमके त्याच्या आधी येतात. भाड्याची अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. या मूळ भाड्यात हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरलेला नसतो. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने दिलेला आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांना हे माहीत नसते आणि ते उसने पैसे घेऊन एकरकमी भरतात. त्याशिवाय विद्यापीठाचे सत्रशुल्क तीनशे युरोंच्या पुढे असते, आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या आसपास धरावा. पहिले भाडे, अनामतीचा एक हप्ता, विमा, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि किराणा मिळून किमान दीड ते दोन हजार युरो तिच्या हाताशी फॉरेक्स कार्डावर असावेत, असे मला वाटते. सत्रशुल्कातच प्रवासाचे तिकीट येते, त्यावर शहरातल्या बस आणि देशभरातल्या प्रादेशिक रेल्वे चालतात. इंटरसिटी आणि आयसीई या जलद गाड्या त्यात येत नाहीत. विमानतळावरून आखेनला येईपर्यंत ते तिकीट तिच्या मोबाईलवर आलेले नसेल, तर त्या दिवसाचे वेगळे तिकीट काढावे लागेल.

फोनविषयी काकूंना सांगा की जरूर रोज करावा. फक्त वेळ तिने ठरवावी. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात तेव्हा इथे संध्याकाळचे सहा झालेले असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे गेली की साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. संध्याकाळी सहाची वेळ नव्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची असते, कारण ओळखींचे कार्यक्रम, ग्रंथालयातला अभ्यासगट, सामायिक स्वयंपाकघरातल्या गप्पा हे सारे तेव्हाच असते. सकाळी वर्गाला निघण्यापूर्वीचा फोन आम्हा अनेकींना सोयीचा पडला.

वाचनकट्टा

मी आखेनमध्ये पीएचडी करतो. पर्णिका यांनी नोंदणीवर भर दिला ते अगदी योग्य झाले. त्यात आखेनपुरती एक महत्त्वाची भर घालतो. हे शहर नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमेला लागून आहे आणि नेदरलँड्समधले फाल्स हे गाव इथून शहरी बसने गाठता येते. तिथल्या खोल्यांच्या जाहिराती आखेनच्या विद्यार्थ्यांना दिसत राहतात आणि युरोपीय संघाचे नागरिक असलेले अनेक विद्यार्थी तिथे राहतातही. भारतीय विद्यार्थ्याने मात्र हा विचार करू नये. जर्मन व्हिसावर किंवा निवास परवान्यावर आपल्याला नेदरलँड्समध्ये १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत भेट देता येते. तिथे घर करून राहण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय फाल्सच्या पत्त्यावर जर्मनीतली आनमेल्डुंग होणार नाही, हे उघड आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाय मोकळे करायला फाल्सजवळच्या तीन देशांच्या सीमाबिंदूवर अवश्य जा, मुक्काम मात्र आखेनलाच ठेवा.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. खोली न दाखवता, ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असे लिहिणारा माणूस घरमालक नसतो. छायाचित्रे सुंदर असतात, भाडे बाजारापेक्षा बरेच कमी असते आणि उत्तर तत्परतेने येते. भारतात बसून खोली शोधणारा विद्यार्थी घाईत आणि काळजीत असतो, त्याचाच फायदा घेतला जातो. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असली तरी प्रवेश मिळताच तिथे नाव घालावे. खासगी खोली असेल तर आखेनमधल्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याला ती प्रत्यक्ष पाहून यायला सांगावे. अशी विनंती करण्यात कसलाही कमीपणा नाही. आम्ही जातो, आणि यापुढेही जाऊ.

नीलमोहर

मी कोलोनमध्ये बऱ्याच वर्षांपासून राहते आणि माझ्या घरी दर दिवाळीला नवे विद्यार्थी फराळाला येतात, त्यामुळे त्यांच्या अडचणी जवळून ऐकते. कागदपत्रांचे वर सविस्तर आलेच आहे. मला घरात कसे राहावे याविषयी लिहायचे आहे, कारण मुलांचे घरमालकांशी वाद होतात ते बहुधा त्यावरून.

इथली घरे थंडीसाठी घट्ट बंद होतील अशी बांधलेली असतात. आपण वरण-भात, भाजी, पोळ्या असा वाफेचा स्वयंपाक करतो आणि कपडेही खोलीतच वाळत घालतो. ती दमट हवा भिंतीवर थंड होते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. घर सोडताना मग अनामतीतून रक्कम कापली जाते. यावरचा उपाय इथे प्रत्येक जण करतो. दिवसातून दोन-तीन वेळा, कडाक्याच्या थंडीतसुद्धा, हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडायच्या आणि मग लावून घ्यायच्या. खिडकी दिवसभर किंचित तिरकी उघडी ठेवल्याने खोली गार पडते आणि ओल तशीच राहते.

किल्लीबाबत फार सावध राहावे. अनेक घरांची दारे मागे ओढली की आपोआप बंद होतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. रात्री किंवा रविवारी कुलूपवाल्याला बोलावले तर मोठी रक्कम जाते. वसतिगृहाची किल्ली हरवली तर कधीकधी संपूर्ण इमारतीची कुलूपव्यवस्था बदलावी लागते आणि त्याचा खर्च विद्यार्थ्यावर येतो. म्हणून इथे बहुतेक सगळेच नुकसानभरपाईचा वैयक्तिक विमा घेतात. त्याचा वर्षाचा हप्ता माफक असतो. घेताना हरवलेल्या किल्लीची भरपाई त्यात आहे का, हे पाहून घ्यावे.

आता माझे एक थोडे वेगळे मत सांगते. नवी मुले भारतातूनच चार-पाच जणांचा गट करून एकत्र घर घेतात, एकत्र स्वयंपाक करतात, विद्यापीठातही एकत्र बसतात. दोन वर्षांनी नोकरी शोधताना त्यांना जर्मन बोलता येत नाही. मला त्यांच्याविषयी मनापासून वाईट वाटते, कारण बुद्धीत किंवा मेहनतीत ती कुठेच कमी नसतात. पहिल्या आठवड्यापासूनच निदान दुपारचे जेवण विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे भोजनालयात, घ्यावे. शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ तिथे नेहमी असतात, विद्यार्थ्यांसाठी दर कमी असतात, आणि ताट घेऊन अनोळखी टेबलावर बसायची सवय सुरुवातीला लागली नाही तर पुढे फारशी लागत नाही.

पर्णिका

नीलमोहरताई, जर्मन भाषेविषयी तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. आपल्या मुलांनी एकत्र राहण्याला मात्र मी इतका दोष देणार नाही. पहिल्या आठवड्यात कोणी आजारी पडले, तर आपल्या भाषेत ‘मला बरे वाटत नाही’ असे सांगता येणे आणि समोरच्याने मऊ भात करून देणे, याचे मोल तेव्हा फार मोठे असते. डिसेंबरमध्ये आखेनला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो. त्या अंधाराशी ओळख नसलेली मुले एकटी राहून खोलीबाहेर पडेनाशी झालेली मी पाहिली आहेत. मला वाटते, पहिले सत्र आपल्या माणसांबरोबर राहावे आणि दुसऱ्या सत्रापासून सामायिक जर्मन घर शोधावे. विद्यापीठाच्या भाषावर्गात मात्र पहिल्याच सत्रात नाव घालावे. त्या नोंदणीची मुदत फार थोड्या दिवसांची असते.

नीलमोहर

दुसऱ्या सत्राचे तुझे म्हणणे पटण्यासारखे आहे, आणि आजारपणाचा मुद्दा मी लिहायला हवा होता. ते सत्र खरोखर संपते तेव्हा मुले घर बदलतात का, एवढाच माझा प्रश्न आहे. बहुतेक बदलत नाहीत.

मिरजमळा

मी परवाच आखेनला पोहोचलो. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे आहेत आणि आडनाव वेगळ्या रकान्यात आहे. विद्यापीठाच्या पत्रावर दोन्ही नावे आली, विमा कंपनीने एकच घेतले, आणि आता बँकेने खाते उघडताना नाव जुळत नसल्याचे कळवले आहे. यात काय करावे?

वाचनकट्टा

ही अडचण महाराष्ट्रातून येणाऱ्या फार जणांना येते, कारण आपल्या पासपोर्टवर वडिलांचे, आणि काही विवाहित स्त्रियांच्या बाबतीत पतीचे, नाव स्वतःच्या नावापुढे त्याच रकान्यात छापलेले असते. जर्मन कार्यालये ती दोन्ही तुमचीच नावे समजतात. त्यांना पटवून देत बसण्यापेक्षा सगळीकडे पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच संपूर्ण नाव, त्याच क्रमाने, लिहिणे श्रेयस्कर आहे. विमा कंपनीला पासपोर्टची प्रत जोडून दुरुस्तीसाठी लिहा, आणि दुरुस्त पत्र मिळाल्यावर ते बँकेला पाठवा. नोंदणीच्या वेळी अधिकारी छापील कागद हाती देतो, तेव्हा तिथेच उभे राहून प्रत्येक अक्षर तपासा. करक्रमांक त्याच नोंदीवरून तयार होतो. व्हिडिओ कॉलवर ओळख पटवताना काही बँका भारतीय पासपोर्ट स्वीकारत नाहीत. तुमच्या बाबतीत तसे झाले तर शाखा असलेली बँक निवडून प्रत्यक्ष जाणे हा जवळचा मार्ग आहे.

व्हिसा किती महिन्यांचा मिळाला आहे तेही आजच पाहून ठेवा. निवास परवान्याचा अर्ज व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी दाखल झालेला असेल, तर निर्णय होईपर्यंत तुमचे इथले वास्तव्य कायदेशीर राहते. म्हणून भेटीची तारीख उशिराची असली तरी अर्ज वेळेत पोहोचल्याची पोच जपून ठेवा.

रानजाई

मी ब्राउनश्वाइगला औषधनिर्माणशास्त्र शिकते. औषधे आणि खाण्याचे पदार्थ आणण्याविषयी थोडे लिहिते. स्वतःच्या वापराची औषधे साधारण तीन महिन्यांपुरती आणता येतात. मूळ वेष्टनात ठेवावीत आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर ठेवावी. इथे प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. जिवावरचे संकट असेल तर ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरची गरज लागली तर ११६११७, हे दोन क्रमांक मोबाईलमध्ये आधीच साठवून ठेवावेत.

खाण्याच्या बाबतीत घरच्यांना वाईट वाटेल, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या बॅगेत घालू नयेत. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि भाज्यांसाठीही वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, सुके खोबरे आणि कोरड्या चटण्या खुशाल आणा. तूर डाळ, पोहे आणि रवा इथल्या आशियाई दुकानांत मिळतात, त्यासाठी बॅगेतले वजन खर्च करू नका.

विद्यार्थी दराने सरकारी आरोग्य विमा वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. नोकरी करून नंतर शिकायला येणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांनी हे निघण्यापूर्वी पाहावे, कारण मग विमा बराच महाग पडतो. घाईत स्वस्त खासगी विमा घेतला, तर शिक्षण चालू असेपर्यंत सरकारी विम्यात परत येणे जवळजवळ अशक्य होते.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व मी छापून मुलीला दिले आहे. तुपाची बरणी आणि पेढे तिच्या आईने बॅगेतून काढले. एक शंका उरते. तिचे विमान २ तारखेला संध्याकाळी फ्रँकफुर्टला उतरते आणि आखेनला पोहोचायला रात्र होईल. यात काही अडचण आहे का?

पर्णिका

काका, शक्य असेल तर तिकीट बदलून आधीच्या मंगळवारचे किंवा बुधवारचे घ्यावे. ३ ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस असतो आणि त्या दिवशी देशभर सुट्टी असते. यंदा तो शनिवारी येतो आणि पाठोपाठ रविवार, म्हणजे सलग दोन दिवस किराणा दुकाने, कार्यालये आणि बँका बंद राहतील. वसतिगृहाची किल्ली देणारी व्यक्तीही सहसा कामाच्या दिवशी सकाळीच भेटते. शुक्रवारी रात्री पोहोचली तर सोमवारपर्यंत तिच्या हाती किल्ली नसेल आणि तिला दुसरीकडे राहावे लागेल.

तिकीट बदलता येत नसेल तरी घाबरू नका. वसतिगृहाला आजच लिहून किल्ली शुक्रवारी दुसऱ्या कोणाला देता येईल का, ते विचारा; देत असतील तर अधिकारपत्र आणि तिच्या पासपोर्टची प्रत मला पाठवा, मी दुपारी जाऊन किल्ली घेऊन ठेवेन. नसतील देत, तर सोमवारपर्यंत ती आमच्याकडे राहील. दूध, पाव, भाज्या शुक्रवारीच आणून ठेवते. गाडी कोलोनवरून येते आणि तिथे बदलावी लागण्याची शक्यता असते, म्हणून गाडीचा क्रमांक मिळाला की मला कळवायला सांगा. मी आखेन स्थानकावर फलाटावरच थांबेन.